बॅकगॅमनमध्ये पोझिशन बिघडली की डावच हातातून जातो? या क्रमाने तपासा

मंडळी, बॅकगॅमन म्हणजे फासे टाकून आपल्या पंधरा सोंगट्या समोरच्याच्या आधी घरी आणून बाहेर काढायचा दोघांचा खेळ, त्यातला हा बिघाड मी फोंड्यात बघितलाय, म्हापशात बघितलाय, हरमलच्या शॅकवर बघितलाय, चवथीला घरी आलेल्या भाचरांच्या खेळात पण बघितलाय, आणि दरवेळी शेजारी बसून तोच तोच काढून दिलाय, म्हणून आता एकदा नीट लिहून ठेवतो. डाव बरा चाललेला असतो, एक सोंगटी मार खाते, थोड्या वेळाने दुसरी, आणि तिथून पुढे माणूस विचारच सोडून देतो, दान पडेल तशी सोंगटी ढकलत बसतो. मग जो डाव साधा हरायचा तो गॅमन (एकही सोंगटी बाहेर काढायच्या आधीच हार) होऊन दुप्पट हरतो, आणि जो वळवता आला असता तोही जातो. शेवटी खापर फाशांवर. फाशांचा वाटा असतोच, नाही कोण म्हणतंय, पण मी शेजारी बसून जे डाव बघितलेत त्यात जास्त नुकसान एकाच गोष्टीने होतं: पोझिशन बदललेली असते आणि डोक्यातला प्लॅन मात्र सुरुवातीचाच असतो.

आधी लक्षणं सांगतो, मग तपासण्या. सोप्या आणि फुकटच्या आधी, डोकं आणि वेळ खाणाऱ्या नंतर. क्रम मोडून थेट क्यूबवर (डाव दुप्पट करायचा ठोकळा, समोरच्याने दिला की दुप्पटीने खेळायला घ्यायचा नाहीतर डाव सोडायचा) उडी मारू नका, बऱ्याच जणांचं काम वरच्या दोन-तीन तपासण्यांतच होऊन जातं.

लक्षणं

सगळ्यात खात्रीचं लक्षण म्हणजे वेग. सोंगटी मार खाऊन बारवर (मधली पट्टी, तिथून ती समोरच्याच्या पहिल्या सहा घरांतून परत आत आणावी लागते) गेली की चाल करायचा वेग वाढतो, फासे नीट थांबायच्या आत हात सोंगटीवर पोचलेला असतो. खरं तर तिथेच थांबायची गरज जास्त.

दुसरं, हरलेल्या डावांत गॅमन फार असतात. तिसरं जरा बारकाईने बघावं लागतं: उशिरा का होईना समोरच्याची सोंगटी मारायला मिळते, पण तोवर आपला होम बोर्ड (आपली १ ते ६ घरं) कोसळलेला असतो, सगळ्या सोंगट्या एक आणि दोनच्या घरात साचलेल्या, त्यामुळे मारलेली सोंगटी आरामात आत येते आणि निघून जाते. चौथं, क्यूब समोर आला की उत्तर बोर्डाकडे बघून येत नाही, मागचा डाव हरला असेल तर रागाने "घेतो", लागोपाठ हरला असेल तर घाबरून "सोडतो". आणि तोंडात सतत एकच, मला पडतच नाही, त्याला मात्र सहा-सहा.

यातली दोन जरी जुळली तरी पुढे वाचा. एखादं कधीमधी होत असेल तर काही बिघडलेलं नाही, खेळत राहा.

पहिली तपासणी: बोर्ड, फासे, नियम

ही हसण्यावारी नेऊ नका, एक पैसा लागत नाही. आपल्या बाजूने मोजलं तर २४ च्या घरात २ सोंगट्या, १३ वर ५, ८ वर ३ आणि ६ वर ५. पिप (सगळ्या सोंगट्या बाहेर काढायला एकूण किती घरं चालायची तो आकडा) मोजले की ४८, ६५, २४ आणि ३० मिळून १६७ यायलाच हवेत. १६७ आले नाहीत तर मांडणी चुकली आहे, पुढची सगळी मेहनत फुकट.

मग नियम विचारा, खास करून किनाऱ्याच्या बाजूला खेळत असाल तर. मोरजी-हरमलला सीझनमध्ये भेटणारे बरेच रशियन लोक याच बोर्डावर लांब नार्दी खेळतात, त्यात पंधराही सोंगट्या एकाच घरात मांडून सुरुवात होते आणि कुणी कुणाला मारतच नाही, एकटी सोंगटी पण घर अडवून धरते. ज्याचा हात त्या खेळावर बसलाय तो बॅकगॅमनमध्ये एकट्या सोंगट्या सगळीकडे उघड्या टाकत जातो आणि मार खात राहतो. अशा माणसाला स्ट्रॅटेजी शिकवायची गरज नाही, फक्त सांगायचं की बाबा इथे एकटी सोंगटी म्हणजे ब्लॉट आणि ब्लॉट म्हणजे मार. इस्रायली मंडळी ज्याला शेश-बेश म्हणतात ते मात्र आपलंच बॅकगॅमन.

डाव सुरू करायच्या आधी हेही ठरवून घ्या की क्यूब आहे का, आणि जॅकोबी रूल लावलाय का. जॅकोबी म्हणजे क्यूब एकदाही फिरला नसेल तर गॅमन किंवा बॅकगॅमन (खेळाच्याच नावाची तिप्पट हार) काही मोजत नाहीत, एकच पॉइंट. हे आधी माहीत असणं का महत्त्वाचं? कारण तो रूल चालू असेल आणि क्यूब मधेच पडून असेल तर गॅमनची भीती तुम्हाला नाहीच, मागे बसून शेवटपर्यंत शॉटची (मारायच्या संधीची) वाट बघता येते. तोच डाव स्पर्धेत असेल, जिथे हा रूल नसतो, तर तीच चाल महागात पडते.

फाशांचंही बघा. दोन्ही फासे उजव्या हाताच्या अर्ध्या भागात सपाट पडले पाहिजेत, सोंगटीवर तिरका टेकलेला फासा धरायचा नाही, दोन्ही परत टाकायचे. आपल्याकडे जून-जुलैत लाकडी बोर्ड ओल धरतो, मधल्या बिजागरीपाशी एक बाजू किंचित वर येते आणि फासे तिथे घसरून तिरके बसतात, त्यावरून भांडणं होतात आणि भांडणानंतरची चाल कुणाचीच धड नसते. बोर्ड हवेशीर ठेवा, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, फासे कपातून टाका.

दुसरी: हात आणि घाई

नियम असा की तुम्ही तुमचे फासे उचललेत की तुमची पाळी संपली. म्हणजे उचलेपर्यंत वेळ तुमचाच आहे. मी सगळ्यांना एकच सवय लावतो, दान पडल्यावर हात मांडीवर ठेवायचा आणि मनात दोन वेगवेगळ्या चाली शोधायच्या, दुसरी सापडेपर्यंत सोंगटीला हात लावायचा नाही. एक चाल सगळ्यांना दिसते, ती बहुतेक सवयीची असते. दुसरी शोधताना डोळे सगळ्या बोर्डावर फिरतात, आणि तिथेच पोझिशन बदललेली लक्षात येते.

सहा-सहा चं रडगाणं पण इथेच मिटवून टाकू. एका दानात सहा-सहा पडायची शक्यता ३६ त १. पण समोरच्याने एका डावात २५ वेळा फासे टाकले तर त्यात एकदा तरी सहा-सहा पडायची शक्यता जवळपास अर्धी होते. म्हणजे दर दुसऱ्या डावाला त्याला ते पडणारच आहे, आणि तुम्हालाही पडणार आहे, तुमचं तुम्हाला आठवत नाही एवढंच.

१९७९ साली माँटे कार्लोत हान्स बर्लिनर यांनी बनवलेल्या बीकेजी ९.८ या प्रोग्रामने तेव्हाचा वर्ल्ड चॅम्पियन लुईजी व्हिला याला ७-१ ने हरवलं, कुठल्याही बोर्ड गेममध्ये कॉम्प्युटरने वर्ल्ड चॅम्पियनला हरवायची ती पहिलीच वेळ. नंतर डाव तपासले तर चाली व्हिलाच्या जास्त बरोबर होत्या, प्रोग्रामला दानं चांगली पडली होती, आणि हे बर्लिनर यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. तेव्हा डाव हरलात म्हणजे चाल चुकली असं नाही, आणि जिंकलात म्हणजे बरोबर होती असंही नाही. चाल वेगळी तपासायची, निकाल वेगळा ठेवायचा. हे ज्याच्या मनात बसलं त्याचा हात आपोआप शांत होतो.

तिसरी: पिप मोजा, अंदाजे का होईना

पोझिशन बिघडली म्हणजे नक्की किती बिघडली? सोंगटी मारली गेली की वाटतं सगळं गेलं. पण होम बोर्डातल्या ५ च्या घरात असलेली सोंगटी मारली गेली तर २० पिप जातात, आणि समोरच्याच्या ५ च्या घरात असलेली मारली गेली तर फक्त ५. पाच पिप म्हणजे एका दानापेक्षा कमी, कारण एक दान सरासरी ८ पिप आणि वर थोडं. मार खाल्ल्याचं दुःख दोन्हीकडे सारखं, नुकसान सारखं नाही.

अचूक आकडा काढायची गरज नाही. दहाने मागे की चाळीसने मागे एवढं कळलं तरी प्लॅन ठरतो. पुढे असाल तर गाठभेट टाळायची, सोंगट्या झाकत घराकडे यायचं. मागे असाल तर उलट, अडवायचं, वाट बघायची, गाठभेट ठेवायची. आणि इथेच लोक आगीतून फुफाट्यात जातात: चाळीस पिप मागे असताना अँकर (समोरच्याच्या होम बोर्डात धरलेलं घर) मोडून पळत सुटतात. अरे पळून पोचणार कुठे, चाळीस पिप म्हणजे पाच दानं, शर्यत तर तुम्ही आधीच हरलाय, आता तुमची जिंकायची वाट समोरच्याच्या ब्लॉटमधूनच जाते.

चौथी: अँकर आहे का, आणि बारवरून आत यायला किती दानं आहेत

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त भीती इथे असते आणि सगळ्यात जास्त दिलासाही इथेच आहे.

डिचोलीचा एक पोरगा यायचा आमच्याकडे, एकदा त्याची सोंगटी बारवर, समोरच्याने स्वतःच्या होम बोर्डात ६ आणि ५ ची घरं केलेली (दोन-दोन सोंगट्या ठेवून बंद केलेली), आणि हा डोक्याला हात लावून बसला, "सोंपलें दादा". मी म्हटलं मोज, किती दानांनी तू आत येतोस. बोटं मोडत मोजलं त्याने, ३६ पैकी ३२ निघाली. पुन्हा मोजलं, पुन्हा ३२. मग त्याने शांतपणे फासे टाकले. त्या दिवसापासून तो बारवर गेला की आधी मोजतो.

पूर्ण हिशोब असा, पाठ करून टाका. समोरच्याचं एक घर बंद असेल तर ३६ पैकी ३५ दानांनी आत येता, दोन बंद असली तर ३२, तीन असली तर २७, चार असली तर २०, पाच असली तर ११, सहाच्या सहा बंद तर शून्य. बघा, चार घरं बंद असूनसुद्धा अर्ध्याहून जास्त वेळा आपण आत येतो. खरा धोका चारवरून पाचवर जाताना आहे, म्हणून समोरच्याला पाचवं घर करू न देणं हे मागे पडलेल्या माणसाचं पहिलं काम.

आता अँकर, म्हणजे समोरच्याच्या होम बोर्डात तुमच्या दोन सोंगट्या एकाच घरात. अँकर असेल तर तुम्हाला कुणी पूर्ण बंद करू शकत नाही, किती का सोंगट्या बारवर जाईनात, ते एक घर उघडं आहेच. सगळ्यात चांगला अँकर त्याच्या ५ च्या घरात, म्हणजे आपल्या बाजूने २० वर, त्याच्या ४ च्या घरातला पण जवळपास तेवढाच कामाचा. त्याच्या १ च्या घरातला, म्हणजे सुरुवातीला जिथे मागच्या दोन सोंगट्या असतात तोच, सगळ्यात कमजोर. नुसता तेवढाच धरून शेवटपर्यंत बसलात तर साधारण सहातला एखादा डाव निघतो, आणि गॅमनची टांगती तलवार वेगळी. म्हणून पोझिशन बिघडायला लागली की पहिला प्रश्न विचारायचा, अँकर आहे का, आणि नसेल तर पुढच्या एक-दोन दानांत होतो का. अँकर झाला की बाकीच्या बोर्डावर मोकळेपणाने धोका घेता येतो.

आणि प्राइमच्या (सलग बंद घरांच्या भिंतीच्या) मागे अडकला असाल तर? सलग सहा घरांचा प्राइम उडी मारून ओलांडता येत नाही, तिथे वाटच बघायची. सलग पाच असतील तर अगदी कडेला लागून उभं राहिलात तरच सहा पडल्यावर सुटता, ३६ त ११. सलग चार असतील आणि कडेला असाल तर पाच किंवा सहा, ३६ त २०. म्हणजे मागे दोन घरं सोडून आळसात बसायचं नाही, आधी कडेपर्यंत सरकायचं. आणि हेही ध्यानात ठेवा, त्याला पण दर पाळीला खेळावंच लागतं. त्याच्या बाकी सोंगट्यांच्या चाली संपल्या की प्राइम त्याला स्वतःच्या हाताने मोडावा लागतो. तुम्ही पूर्ण बंद होऊन बारवर बसला असाल तर तुमची दानं वाया जातात, पण तुमचा होम बोर्डही तेवढाच वेळ शाबूत राहतो. वाट बघणं ही पण चाल आहे.

पाचवी: उघडी ठेवू की झाकू

याला एक उत्तर नाही, आणि ज्यांच्याकडे एकच उत्तर असतं ते या बिघाडाचे कायमचे पेशंट. समोरच्याचा होम बोर्ड बघा. त्याची तीन-चार घरं झाली असतील तर झाकून खेळा, मार खाल्लात तर परत आत यायला त्रास. त्याची फक्त एक-दोन घरं असतील, किंवा त्याच्याच होम बोर्डात ब्लॉट पडलेला असेल, तर बिनधास्त खेळा, मार बसला तरी उलट मारायची संधी आहे. तुमच्याकडे अँकर असेल तर आणखी बिनधास्त.

उघडी ठेवायचीच असेल तर कुठे ठेवायची त्याचे आकडे: मारणारी सोंगटी एक घर लांब असेल तर ३६ पैकी ११ दानांनी मार बसतो, दोन घरं १२, तीन १४, चार आणि पाच १५, सहा १७. आणि सात घरं लांब गेलात की एकदम ६, मग आठला ६, नऊला ५, दहाला ३, अकराला २, बाराला ३. म्हणजे सहाच्या आत असाल तर जेवढं जवळ तेवढं बरं, सहाच्या बाहेर जाता येत असेल तर सरळ बाहेर. सहावरून सातवर एक घर सरकलात की धोका तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो, एवढी एक गोष्ट शिकून खेळ सुधारलेले लोक बघितलेत मी. (मधली घरं बंद असतील तर हे आकडे आणखी कमी होतात.)

सहावी: टायमिंग

आता अवघड भाग. वर लक्षणांत लिहिलं ना, शॉट लागतो पण बोर्ड कोसळलेला असतो, त्याचं कारण इथे.

ही पोझिशन मांडून बघा. तुमच्या दोन सोंगट्या २४ वर, समोरच्याच्या १ च्या घरात अँकर धरून. बाकीच्या तुमच्या घरात: ६ वर तीन, ५ वर तीन, ४ वर तीन, ३ वर दोन, २ वर दोन. समोरचा सोंगट्या काढायला लागलाय, तुम्ही शॉटची वाट बघताय, होम बोर्ड पाच घरांचा, झकास दिसतंय. आता मोजा, हा बोर्ड न मोडता किती खेळू शकता? जास्तीच्या सोंगट्या तीनच, ६, ५ आणि ४ वर एकेक. त्या तिन्ही अगदी १ च्या घरात नेल्या तरी ५, ४ आणि ३ मिळून १२ पिप. एक दान आठ पिप. म्हणजे दीड दान, मग पाडापाडी सुरू. त्यातून सहा पडला तर तो घरात खेळताच येत नाही, अँकरवरची सोंगटी उठवावीच लागते. म्हणजे दिसायला झकास पण दोन पाळ्यांत खलास.

उपाय त्या वेळी नाही, चार-पाच पाळ्या आधी आहे. मागे पडलोय आणि वाट बघायचा खेळ आहे हे एकदा ठरलं की पुढच्या सोंगट्या घाईने घरात भरायच्या नाहीत, १३ वरच्या दोन-तीन मागे ठेवायच्या, मोठी दानं त्यांनी खेळायची. लोकांना वाटतं मागे आहोत तर पटापट आणलं पाहिजे. शर्यतीत ते बरोबर, इथे उलट. अशा खेळात एखादी सोंगटी अजून मारली गेली तरी ती कधी कधी टायमिंगसाठी फायद्याची ठरते, हे मन मानत नाही पण मोजून बघा.

सातवी: जिंकणं की गॅमन वाचवणं

एक वेळ येते की जिंकायचा विचार सोडून गॅमन वाचवायचा असतो, शिर सलामत तर पगडी पचास. ती वेळ नजरेने ओळखायची नाही, मोजायची. २४ वर दोन सोंगट्या आहेत आणि बाकी सगळ्या आपल्या होम बोर्डात, तर त्या दोघींना आपल्या ६ च्या घरापर्यंत यायला प्रत्येकी १८, एकूण ३६ पिप, आणि वर एक सोंगटी बाहेर काढायची. म्हणजे साडेचार-पाच दानं. समोरच्याच्या १० सोंगट्या उरल्या असतील तर डबल (दोन्ही फाशांवर सारखा आकडा) न पडता त्याला पाच दानं लागतात, पाळी तुमची असेल तर तुम्हालाही पाच मिळतात. काठावर आलात, आता निर्णय घ्यायलाच हवा. त्याच्या ८ च उरल्या असतील तर चारच दानं मिळतात, सरासरी ३२-३३ पिप, ते पुरत नाहीत, म्हणजे आता शॉट लागला तरच. १२ उरल्या असतील तर अजून एखादं दान बसून राहायला हरकत नाही.

आठवी: क्यूब

क्यूब शांत डोक्याने घ्यायचा म्हणजे काय, तर चार डावांचा हिशोब करायचा. तीच पोझिशन चार वेळा आली आणि चारही वेळा सोडलीत तर ४ पॉइंट गेले. चारही वेळा घेतलीत आणि त्यातला एक जिंकलात, तीन हरलात, तर तीन वेळा २ गेले, एकदा २ आले, म्हणजे पण ४ च गेले. तेव्हा चारात एक डाव नक्की निघतोय असं वाटलं तर घ्यायला हरकत नाही, उलट क्यूब तुमच्याकडे आल्यावर पुढचा डबल फक्त तुम्हीच देऊ शकता हा फायदा वर. पण त्या तीन हरलेल्यातला एक गॅमन असेल तर २, २ आणि ४ जाऊन २ परत, म्हणजे ६ गेले, सोडलं असतं तर ४. म्हणून अँकर नसलेल्या, मागे दोन-तीन सोंगट्या विखुरलेल्या पोझिशनमध्ये क्यूब घेताना दहा वेळा विचार करा. मागच्या डावाचा या हिशोबाशी काहीएक संबंध नाही.

नुसती शर्यत उरली असेल तर सोपं: पुढे असलेल्याचे १०० पिप धरले आणि पाळी त्याची असेल, तर ८ ने पुढे असताना डबल देण्यासारखं, क्यूब त्याच्याकडेच असेल तर ९ ने पुढे असताना परत डबल, आणि समोरच्याने १२ पर्यंत मागे असताना घ्यायचं, त्याच्यापुढे सोडायचं. स्पर्धेत क्रॉफर्ड रूल विसरू नका, कुणी जिंकण्यापासून एक पॉइंटवर पोचला की लगेचच्या एका डावात क्यूब वापरता येत नाही.

नववी: सॉफ्टवेअर

इथवर करूनही बिघाड परत परत येत असेल तर तुमच्या नजरेत नसलेली काहीतरी चूक आहे. जीएनयू बॅकगॅमन फुकट मिळतं, कॉम्प्युटरवर टाका. खेळताना अवघड वाटलेल्या पोझिशनचा मोबाईलवर फोटो काढा, त्यासोबत दान काय पडलं, क्यूब कुणाकडे, स्कोअर किती हे पण लिहा, नाहीतर फोटोचा उपयोग नाही. रात्री ती पोझिशन मांडा आणि आधी स्वतःची चाल लिहून मगच मशीनची बघा. सगळ्या चुका बघत बसू नका, मोठ्या दोन घ्या आणि त्या कुठल्या प्रकारच्या आहेत ते शोधा, अँकर सोडला, उगाच झाकून खेळलो, टायमिंग, क्यूब. महिनाभरात एकाच खान्यात ढीग दिसायला लागतो.

मशीनचं ऐकायला कमीपणा वाटून घेऊ नका. आयबीएममध्ये गेराल्ड टेसॉरो यांनी १९९२ च्या सुमारास बनवलेला टीडी-गॅमन स्वतःशीच डाव खेळून शिकला, आणि त्याने २-१, ४-१, ५-१ या सुरुवातीच्या दानांवर ५ च्या घरात उघडी सोंगटी टाकण्यापेक्षा मागची सोंगटी २४ वरून २३ वर सरकवायला पसंती दिली. मोठमोठ्या खेळाडूंनी वर्षानुवर्षांची सवय त्यानंतर बदलली.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

सॉफ्टवेअर काय चुकलं ते सांगतं, का चुकलं ते सांगत नाही. एकाच प्रकारची चूक दोन महिने तशीच येत राहिली तर एकट्याने डोकं आपटत बसू नका, तुमच्यापेक्षा नक्की चांगला खेळणारा माणूस शोधा, किंवा ऑनलाइन शिकवणारा कोच घ्या, आणि जिंकलेले नव्हे तर हरलेले डाव त्याच्यासमोर मांडा.

दुसरा थांबा जास्त महत्त्वाचा आणि तो मी मनापासून सांगतोय. पैसे लावून खेळत असाल आणि गेलेले पैसे काढायला आणखी खेळताय, उसने घेताय, घरी खोटं सांगताय, झोप उडालीय, हरल्यावर हात थरथरतायत, यातलं काहीही असेल तर वरच्या नऊ तपासण्या तुमच्यासाठी नाहीत, त्यांनी हे बरं होणार नाही. खेळ त्याच दिवशी बंद करा. टेली-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, आणि गोव्यात बांबोळीला आयपीएचबी हे मानसिक आरोग्याचं सरकारी हॉस्पिटल आहे, तिथे ओपीडीत जाऊन सरळ सांगा की जुगाराची सवय लागलीय. घरचं कुणीतरी सोबत न्या, आणि पैशांचे व्यवहार काही दिवस त्यांच्याच हातात द्या. उपचार चालू असेपर्यंत बोर्ड, मोबाईलवरचं ॲप आणि शॅकवरची ती टेबलं, तिन्हींपासून लांब राहा, परत खेळायचं की नाही आणि कधी, ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.